फाशी असतानाही थांबलं नाही ते

बनावट जात प्रमाणपत्र, बनावट दिव्यांग दाखला, मेलेल्या माणसाच्या सहीचं खरेदीखत. अशी बातमी आली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागणी ठरलेली: ‘यांना जन्मठेपच द्या.’ लंडनमध्ये बसून ते वाचताना गंमत वाटते, कारण जन्मठेप कायद्यात आहेच. मृत्युपत्र किंवा मौल्यवान रोखा (म्हणजे खरेदीखतासारखा हक्काचा कागद) बनावट केला तर १८६० च्या दंडसंहितेत कलम ४६७ होतं, आता न्याय संहितेत ३३८ आहे. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. इथे इंग्लंडात १९८१ च्या कायद्याने जास्तीत जास्त दहा वर्षं.

हा देश पूर्वीपासून असा सौम्य नव्हता. १५६२ च्या कायद्यात जमिनीचे खोटे दस्त करणाऱ्याचे कान कापायची, नाकपुड्या चिरायची तरतूद होती. अठराव्या शतकात थेट फाशी आली, आणि ती बंगालपर्यंत पोचली. महाराजा नंदकुमार यांनी तिथला इंग्रज गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर लाचखोरीचे आरोप केले. थोड्याच दिवसांत त्यांच्यावर खोट्या रोख्याचा खटला उभा राहिला. ५ ऑगस्ट १७७५ ला कलकत्त्यात त्यांना फासावर चढवलं. ज्या मुलखात या गुन्ह्याला मृत्युदंड नव्हता, तिथे लंडनचा कायदा लावून. हा न्याय होता असं मला तरी म्हणवत नाही.

खरी शिकवण मात्र त्यानंतरची आहे. १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि एक-दोन पौंडांच्या साध्यासुध्या नोटा काढल्या. नक्कल करायला सोप्या, आणि त्या हाताळणारा गरीब माणूस बऱ्याचदा निरक्षर. १८२१ पर्यंत तीनशेहून अधिक लोक फासावर गेले, पण खोट्या नोटा थांबल्या नाहीत. पुढे ज्युरीच कचरू लागली. एका कागदापायी माणूस मारायचा म्हटल्यावर ढळढळीत पुरावा असूनही ‘निर्दोष’ म्हणायची. शेवटी १८३० मध्ये बँकवाल्यांनीच संसदेला अर्ज केला की फाशी काढा, तिच्यामुळे आमचे गुन्हेगार सुटतात! १८३७ पर्यंत ती पूर्ण गेली.

‘तिकडची माणसं प्रामाणिक’ हे काकांचं मत मला पटत नाही. २०२१ मध्ये इथल्याच लूटन शहरातलं एक घर मालकाच्या नकळत विकलं गेलं होतं. फरक आहे तो नोंदीत. इथल्या लँड रजिस्ट्रीतली नोंद हाच मालकीचा आधार, आणि खोट्या दस्तामुळे कुणाचं नुकसान झालं तर भरपाई रजिस्ट्री देते. खिसा आपलाच रिकामा होणार म्हटल्यावर खातं डोळे उघडे ठेवतं. आपल्याकडे दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणारा खरा मालक आहे याची हमी सरकार घेत नाही.

बनावट मुद्रांक छापणाऱ्या तेलगीला तीस वर्षांची शिक्षा झाली, ठीकच. पण तसला धंदा अवघड झाला तो ई-मुद्रांक आणि ऑनलाइन भरणा आल्यावर.

आम्हा परदेशस्थांच्या जमिनी तर बनावट कुलमुखत्यारपत्राला आयत्या सापडतात. फेरफाराची नोटीस निघते, पण दस्त नोंदल्यानंतर, आणि जाते गावच्या कुलूपबंद घरी. इथे आधी नाव नोंदवून ठेवलं, तर आपल्या घराच्या नोंदीला कुणी हात लावायला गेलं की ईमेल येतो, तोही फुकट. ग्रुपवर जन्मठेपेऐवजी हे मागा. दस्त नोंदण्याआधी मालकाच्या मोबाइलवर निरोप, आणि खोटा दस्त नोंदला गेला तर सरकारकडून भरपाई.