धक्कादायक निकालाचे भाकीत कसे करावे

जानेवारी महिना लागला की अमेरिकेत एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, प्लेऑफ (बाद फेरीचे) सामने सुरू होतात आणि स्टुडिओत सूट घालून बसलेल्या जाणकारांना कंठ फुटतो. आपणांसही या मंडळींत स्थान मिळवायचे असेल, तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. बलाढ्य संघ जिंकेल असे सांगणाऱ्याला कोणी विचारत नाही. तो बरोबर ठरला तर त्यात विशेष ते काय, आणि चुकला तर एवढेही कळले नाही म्हणून हसे होते. याउलट, दुबळ्या संघाची बाजू छातीठोकपणे घेणारा चुकला तर सोमवारपर्यंत सगळे विसरून जातात, आणि चुकून बरोबर ठरला तर त्याची ती चित्रफीत तो निवृत्त होईपर्यंत दाखवली जाते. ज्यात तोट्याचे खातेच नाही असा व्यवसाय सोडून आपण नोकरी का करत आहात, हे समजत नाही.

खेळाचे स्वरूपही आपल्या बाजूचे आहे. 2020 च्या हंगामापासून प्लेऑफमध्ये 14 संघ असतात, पहिल्याच फेरीत 6 सामने होतात, आणि एक सामना हरला की हंगाम संपतो. सात सामन्यांची मालिका वगैरे लाड येथे नाहीत. त्यामुळे कोठे ना कोठे उलटफेर होतोच. मेजाभोवती सहा जण बसले असतील, तर प्रत्येकाने वेगळा सामना निवडावा. सहापैकी एक जण द्रष्टा ठरतो आणि उरलेले पाच त्याचे अभिनंदन करतात. 14 जानेवारी 2024 रोजी ग्रीन बे पॅकर्सने डॅलस काउबॉइजना त्यांच्याच मैदानावर 48-32 असे लोळवले. त्याआधी सातव्या मानांकनाचा एकही संघ प्लेऑफमध्ये जिंकला नव्हता आणि काउबॉइज तर घरच्या मैदानावर सलग 16 सामने जिंकून आले होते. ज्याने त्या दिवशी पॅकर्सचे नाव घेतले, त्याच्या आधीच्या भाकितांची चौकशी कोणी केली असेल असे आपणांस वाटते काय?

पुराव्यादाखल दोन जुनी उदाहरणे पाठ असली की पुरे. पहिले जानेवारी 1969 चे. बॉल्टिमोर कोल्ट्सचे पारडे 18 गुणांनी जड मानले जात असताना न्यूयॉर्क जेट्सच्या जो नेमथने विजयाची हमी दिली आणि 16-7 असा सामना जिंकूनही दाखवला. हमी देणारा स्वतः मैदानात उतरणार होता आणि आपण उतरणार नाही, हा फरक सांगत बसू नये. दुसरे उदाहरण जानेवारी 2011 चे, ज्यात 7 विजय आणि 9 पराभव अशा नोंदीच्या सिअ‍ॅटल सीहॉक्सने गतविजेत्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सना 41-36 असे घरी पाठवले. मार्शॉन लिंचच्या 67 यार्डांच्या धावेनंतर प्रेक्षकांनी जो जल्लोष केला, त्याची नोंद जवळच्या भूकंपमापक यंत्रावर झाली, हे आवर्जून सांगावे. भूकंपाचा विषय निघाला की प्रतिप्रश्न येत नाहीत.

भाकीत कसे रचावे, याचा वस्तुपाठ हवा असेल तर जानेवारी 2019 मधील लॉस एंजेलिस चार्जर्स विरुद्ध न्यू इंग्लंड पेट्रियट्स हा सामना अभ्यासावा. चार्जर्सनी 12 सामने जिंकले होते, पेट्रियट्सनी 11. चार्जर्स त्या हंगामात लॉस एंजेलिसबाहेर एकही सामना हरले नव्हते, आणि आदल्याच आठवड्यात बॉल्टिमोरला जाऊन, सात बचावपटू मागे ठेवण्याची क्लृप्ती लढवून, जिंकून आले होते. पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल रचून चेंडू फेकणारा खेळाडू, टॉम ब्रेडी 41 वर्षांचा झाला होता. त्याचा काळ संपला, हे वाक्य तोपर्यंत इतक्या वेळा म्हणून झाले होते की ते निदान एकदा तरी खरे ठरणे न्यायाला धरून होते. तेव्हा अनेक जाणकारांनी चार्जर्सना कौल दिला. पेट्रियट्सचे पाचही पराभव परक्या मैदानांवर झाले होते, घरी ते आठच्या आठ सामने जिंकले होते आणि हा सामना घरीच होता, या किरकोळ बाबींकडे लक्ष देण्याइतका वेळ कोणाजवळ नव्हता. चार्जर्सचा क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्सने ब्रेडी मैदानात असताना पेट्रियट्सना कधीच हरवले नव्हते, पण त्याचा अर्थ आता त्याची पाळी आली आहे असा लावायचा असतो. सट्टा घेणाऱ्यांनी मात्र पेट्रियट्सनाच सुमारे चार गुणांनी वरचढ धरले होते. ज्यांचे स्वतःचे पैसे अडकलेले असतात, त्यांच्याजवळ कल्पनाशक्ती कमीच असते.

पेट्रियट्सनी पहिल्या चारही चढायांत टचडाउन केले, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपलीकडे नेला. मध्यंतराला गुणफलक 35-7 होता. सात बचावपटूंची ती क्लृप्ती समोर असताना जेम्स व्हाइटने 15 झेल घेतले, सोनी मिशेलने 129 यार्ड धाव घेत तीन टचडाउन केले आणि सामना 41-28 असा संपला.

आता सोमवारी काय बोलावे? आदल्या दिवशी प्रवासाची सवय हे चार्जर्सचे बलस्थान होते. आज तोच प्रवास त्यांच्या थकव्याचे कारण ठरवावा. सामन्यानंतर ब्रेडीने, आम्हाला सगळे टाकाऊ समजतात, अशा अर्थाचे काहीतरी ऐकवले. त्यावरून तो आपल्याच भाकितामुळे चिडून खेळला, असे सांगून निम्मे श्रेय पदरात पाडून घ्यावे. मे 2018 मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अमेरिकेतील अनेक राज्यांत सट्टा कायदेशीर झाला असून आपल्या भाकिताखालीच त्याचे भाव झळकत असतात. ते ऐकून प्रेक्षकाने पैसे लावले आणि गमावले, तरी आपले मानधन ठरलेले आहे, याची खातरी बाळगावी.

पुढच्या रविवारी कॅन्सस सिटीत चीफ्सचे पारडे जड मानले जात होते, म्हणजे उलटफेर वर्तवायचा तर पेट्रियट्सचेच नाव घ्यावे लागणार होते. त्यांनी तो सामना जादा वेळेत 37-31 असा जिंकला आणि दोन आठवड्यांनी सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामनाही. आपल्या गाजलेल्या भाकितांची चित्रफीत तयार करताना हे तीन आठवडे वगळावेत.