चिरतरुण व्हा, पण सोप्यावर बसू नका

साठी उलटली की माणसाने आधी घरातला उजेड कमी करावा. न्हाणीघरातला पांढराफटक एलईडी काढून तिथे मिणमिणता पिवळा दिवा लावलात, की आरशातलं वय तिथल्या तिथे सात-आठ वर्षांनी उतरतं. हा उपाय सगळ्यात आधी सांगतोय, कारण पुढचे सगळे याहून महाग आहेत आणि गुण साधारण तेवढाच देतात. कलप लावणार असाल तर मिशीसकट लावा. नाहीतर डोकं मुलाचं आणि तोंड बापाचं दिसतं.

आपण गोव्यात राहतो हे आपलं भाग्य. तरुण राहण्यासाठी सगळं जग इथे येतं. मांद्रे-हरमलला एकदा जाऊन बघा. हजारो रुपये मोजून लोक तिथे करतात काय? दुपारी झोपतात, अनवाणी चालतात, जमिनीवर मांडी घालून बसतात, चारचौघांत बसून ओंकार म्हणतात आणि संध्याकाळी नाचणीचं काहीतरी पातळ पितात. माझी आजी हे सगळं फुकटात करायची, म्हणून तिचं कोणाला कौतुक वाटलं नाही. तुम्ही तीच चूक करू नका. घरच्या तिझणाला हात लावू नका. तीच नाचणी डब्यात भरून, वर पानाफुलांचं चित्र लावून आली की मग घ्या. उकड्या तांदळाची पेज पाहुण्यांसमोर काढूच नये. किनोआ आणावा. नाव नीट उच्चारता आलं नाही तर उत्तमच, तेवढाच मेंदूला व्यायाम.

शास्त्राचा आधार हवाच, आणि तो भरपूर आहे. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार नावाच्या नामांकित शास्त्रज्ञाने, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण पुन्हा जवान झाल्याचं जाहीर केलं. पाच वर्षांनी ते वारले. पॅरिसमधलेच मेचनिकॉफ म्हणाले, आंबवलेलं दूध प्या, आयुष्य वाढतं. १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं (दह्याबद्दल नव्हे), ते स्वतः रोज आंबट दूध प्यायचे आणि १९१६ साली एकाहत्तराव्या वर्षी गेले. आमच्या वाड्यावर कोणी एकाहत्तराव्या वर्षी गेला तर बायका म्हणतात, ‘तसा लवकरच गेला.’ पण दही चालू ठेवा.

लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवून दिलं की माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेत चाळीस ते साठ वेळा विभागतात आणि मग थांबतात. आकडा साठाशी येऊन अडावा, हे सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या मला फार पटलं.

आता रक्ताचं. २०२३ साली ब्रायन जॉन्सन या अमेरिकी उद्योजकाने आपल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या रक्तातला द्रव स्वतःच्या अंगात भरून घेतला. काही फायदा दिसला नाही, असं पुढे त्यानेच सांगितलं. तिथल्या औषध प्रशासनाने तर २०१९ सालीच असल्या प्रकारांबद्दल लोकांना सावध केलं होतं. त्याने आधी आपल्याला विचारायला हवं होतं. ययातीची गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पुरूने तारुण्य दिलं, बापाने ते मनसोक्त भोगलं आणि शेवटी परत केलं. माझा पुरू दुबईला असतो. तारुण्य राहू दे, तो फोनही तिसऱ्या खेपेला उचलतो.

गोळ्यांचं मात्र मनावर घ्या. लाल द्राक्षांच्या सालीत रेझव्हेराट्रॉल असतं, त्याने म्हातारपण लांबतं, म्हणून मी दोन वर्षं त्याच्या गोळ्या घेतोय. या द्रव्यावर काम करणारी एक छोटी कंपनी एका बड्या औषध कंपनीने २००८ साली बहात्तर कोटी डॉलरना विकत घेतली आणि २०१३ साली तिला कुलूप लावलं, हे मला नंतर कळलं. तोवर माझ्याकडे सहा बाटल्या शिल्लक होत्या, म्हणून विश्वास चालू ठेवला. ‘मग पोर्ट वाईनच का घेत नाही?’ असा एका मित्राचा प्रश्न. उंदरांना देतात तेवढं प्रमाण वाईनमधून पोटात जायचं तर बाटल्या पुरणार नाहीत, पिंपं लागतील. मित्राची तयारी आहे.

व्यायाम हवाच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आठवड्याला किमान दीडशे मिनिटं घाम निघेल असं चाला, दोन दिवस स्नायूंना ताण द्या आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करा. मी यासाठी मनगटावर घड्याळ बांधलं. सकाळी गाडी काढून मिरामारला जातो, पार्किंगसाठी पंधरा मिनिटं घिरट्या घालतो, दोन फेऱ्या मारतो, त्यातली एक साखरेच्या गोळ्यांवर चर्चा करत. मग चौघे मिळून पातळ भाजी आणि बन्स खातो. घड्याळ टाळ्या वाजवतं. पूर्वी घराशी पदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत यायचा, तेव्हा पोयांसाठी मी अंगणाच्या पंधरा पायऱ्या उतरायचो आणि चढायचो. आता पाव मोबाईलवर मागवतो, कारण गुडघे जपायचे आहेत.

तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू तीन ते आठ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर वेग वाढतो. म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला बिनहाताच्या खुर्चीवर बसवलं, हात छातीवर घ्यायला लावले आणि म्हणाल्या, तीस सेकंदांत किती वेळा उठता ते बघू. माझ्या वयाला चौदा तरी हवेत. मी सातपर्यंत गेलो. ‘आता मोकळ्या मैदानात बघू,’ असं म्हणून वेळ मारून नेली.

मनाच्या तारुण्याबद्दल मी जरा तज्ज्ञ आहे. डॉक्टर मंडळींच्या एका मोठ्या अहवालात २०२४ साली चौदा गोष्टी मांडल्या होत्या. त्या सांभाळल्या तर स्मृतिभ्रंशाचे जवळजवळ पंचेचाळीस टक्के रुग्ण टळू शकतात किंवा लांबू शकतात. त्यात रक्तदाब, साखर, सिगारेट ही नेहमीची मंडळी आहेतच. पण त्यात कमी ऐकू येणं आहे आणि एकटं पडणंही आहे. वाचून मी हसलो. कानाचा आणि मेंदूचा काय संबंध? त्यातून कानात यंत्र घालायचं म्हणजे वय कपाळावर लिहून फिरायचं. कलपाचे पैसे वाया! तेव्हा माझा सल्ला असा: यंत्र घेऊ नका. समोरचा बोलू लागला की मान डोलवा, ‘हो ना, हो ना’ म्हणा, आणि तो हसला की हसा.

एकदाच घोटाळा झाला. कुळागराकडच्या शेजाऱ्याने रस्त्यातून हाक मारून सांगितलं, ‘रविवारी बाराव्याला या.’ मी ऐकलं, बारशाला या. बायको माहेरी. म्हटलं, सून बाळंत झाली असेल. म्हापशाहून झबलं-टोपडं आणलं, गुलाबी कागदात बांधून घेतलं, वर चांदीचा वाळा. रविवारी नेसून-सवरून दारात पोचलो तर अंगणात पाहुणे, सगळे गप्प, आत भिंतीवर म्हाताऱ्याचा फोटो, फोटोला हार. गुलाबी पुडकं पाठीमागे लपवून मी तासभर उभा होतो. पान वाढलं तेव्हा कोणीतरी विचारलं, ‘हातात काय?’ मी म्हटलं, ‘हो ना, हो ना.’

तेव्हापासून मी घरापुढच्या सोप्यावर, म्हणजे दारातल्या बाकावर, बसणंही सोडलंय, आणि तुम्हीही सोडा. संध्याकाळी सोप्यावर बसलं की लोक काय बोलतात? कोणाचा बायपास झाला, कोणाच्या डोळ्यात फूल पडलं, कोणाला नातवंड झालं. म्हणजे नुसतं वयच वय. त्यापेक्षा घरात बसून मोबाईलवर शब्दकोडी सोडवा. स्मरणशक्तीला उत्तम, असं त्या अ‍ॅपमध्येच लिहिलंय. चवथीला घुमट वाजवत आरत्या म्हणायच्या म्हणजे दीड तास उभं राहणं, दहा-बारा आरत्या सगळ्या कडव्यांनिशी पाठ असणं आणि शेजारचा चुकला की त्याला सांभाळून घेणं. असली दगदग या वयात कशाला?

मागच्या जत्रेला मात्र गेलो. फोंड्याकडचं देऊळ, महाप्रसादाची पंगत, जमिनीवर केळीची पानं. कलप ताजा होता, घड्याळ चार्ज होतं, गोळी सकाळीच घेतली होती. खतखतं झालं, मणगणं दोनदा झालं. आणि मग उठायची वेळ आली. उजवा हात टेकला, डावा टेकला, गुडघा वळवून पाहिला. घड्याळ कंप पावलं: बराच वेळ बसून आहात, जरा हालचाल करा. रांगेतली माणसं उठून हात धुवायला गेली. मी मणगण्याच्या पानाकडे भक्तिभावाने बघत राहिलो.

समोरून वाढपाची घागर घेऊन एक म्हातारी येत होती. नऊवारी, डोक्यावर एकही काळा केस नाही. चौऱ्याऐंशीच्या असतील, आईच्या वर्गात होत्या म्हणतात. घागर खाली ठेवली, माझ्या काखेत हात घातला आणि नारळाची पोती उचलावीत तसं मला सरळ केलं.

‘ऊठ रे पुता,’ म्हणाल्या, ‘दुसरी पंगत रावल्या.’

मी म्हटलं, ‘हो ना, हो ना.’