काळं झालं म्हणजे ऑइल खराब असं नसतं
इंजिन ऑइलवरच्या एका लेखात म्हटलंय की नवीन ऑइल पाचशे किलोमीटरच्या आत काळं पडलं तर ते डुप्लिकेट समजा, हे काही पटलं नाही बुवा. माझी 12 वर्षं जुनी डिझेल गाडी आहे, गॅरेजमधून घरी येईपर्यंत डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल काळं दिसतं, कारण डिझेल जळताना काजळी होतेच आणि ड्रेन केलं, म्हणजे खालून काढून टाकलं, तरी थोडं जुनं ऑइल आत राहतंच. शिवाय ऑइलमध्ये डिटर्जंट असतं, ते आतली घाण सोडवून घेतं, मग काळं होणारच ना. सेकंड हॅंड पेट्रोल गाडीत मात्र इतक्या लवकर झालं तर बघा, बहुतेक आधीच्या मालकाने ऑइल बदलायचा कंटाळा केलेला असतो नाहीतर पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असतात.

फ्लशचं, म्हणजे ऑइल बदलण्याआधी केमिकल टाकून इंजिन आतून धुण्याचं म्हणाल, तर जरा जपून. माझ्या आधीच्या सेकंड हॅंड गाडीला एकाने फ्लश मारून दिला, गाळ सुटला आणि जाऊन बसला ऑइल पंपाच्या जाळीत, दुसऱ्या दिवशी ऑइल प्रेशरचा लाल दिवा!! खालचं ऑइल चेंबर खोललं तर आत करपलेल्या गुळाच्या पाकासारखा थर, बोटाने खरवडून निघत नव्हता. तेव्हापासून इंजिन गरम असतानाच ड्रेन करायचं, फिल्टर दरवेळी नवीन, आणि पुढचे दोन-तीन बदल 2-3 हजार किलोमीटरलाच, हळूहळू साफ होतं. काळ्याला घाबरू नका हो, दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर घाबरा, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ऑइलमध्ये मिसळत असू शकतं, गाडी चालवू नका तशी.