सीबीडी आणि टीएचसी यांना एकाच मापाने मोजू नये

गांजातील सर्व घटक मेंदूतील एकाच रिसेप्टरवर (पेशीवरील संदेश पकडणाऱ्या रेणूवर) काम करून नशा आणतात, हे आपण छापलेल्या लेखातील विधान दुरुस्त व्हायला हवे. टीएचसी हा गांजातील नशा आणणारा घटक सीबी-१ या रिसेप्टरला जोडला जातो आणि स्मृती सांभाळणारा हिप्पोकॅम्पस व तोल राखणारा लहान मेंदू या भागांत हे रिसेप्टर दाट असल्यामुळेच विसर पडणे, झोक जाणे असे परिणाम दिसतात. सीबी-२ हा दुसरा रिसेप्टर मात्र मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर आढळतो. शरीरही सीबी-१ ला जोडले जाणारे स्वतःचे द्रव्य, आनंदामाइड, बनवते (१९९२ साली जेरुसलेममध्ये रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलम यांच्या चमूने ते शोधले), पण ते गरजेपुरते तयार होऊन लगेच विघटित होते, तर टीएचसीचा अंमल तासन्‌तास टिकतो. सीबीडी या गांजातील दुसऱ्या घटकाची सीबी-१ शी जवळीक फारच क्षीण, म्हणून त्याने नशा येत नाही.

तरीही तो निरुपद्रवी नव्हे. म्हापशातील आमच्या औषधांच्या दुकानात नुकतेच एका आजोबांनी सीबीडी तेलाची बाटली आणि रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनच्या गोळ्यांची पट्टी एकाच पिशवीतून काढून काउंटरवर ठेवली. वॉरफरिनचे विघटन करणाऱ्या यकृतातील एन्झाइमांना सीबीडी अडवू शकतो आणि त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. संपादकांनी ही सूचना लेखात कृपया जोडावी.