इन्कॉग्निटो लावलं की झालं म्हणे!

रावेरच्या शेतकऱ्याने केळीचा भाव बघायला साइट उघडावी, तर आधी आडवं येणार ते कुकीची परवानगी मागणारं पाटीवजा बोर्ड: 'आम्ही तुमच्या खासगीपणाचा आदर करतो.' आदर म्हणे! 'सर्व स्वीकारा' हिरवंगार, अंगठ्याएवढं. नकार द्यायला 'अधिक पर्याय' उघडा, खाली सरकत जा, एकेक बटण बंद करा. त्यातही 'कायदेशीर हितसंबंध' नावाचा कप्पा आधीच चालू ठेवलेला. भाव बघून होत नाही तोच दुसऱ्या साइटवर ठिबक आणि टिश्यू रोपांच्या जाहिराती हजर.

यावर मोबाइलवाल्याचा ठरलेला सल्ला: "इन्कॉग्निटो लाव ना भो!" अरे, इन्कॉग्निटो म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी. ती बंद केली की तिच्यातली हिस्ट्री आणि कुकी (साइटने फोनमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या चिठ्ठ्या) जातात, बास. आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा नंबर, तोच राहतो. एचटीटीपीएसमुळे, म्हणजे साइटशी होणाऱ्या कुलूपबंद जोडणीमुळे, पानावरचा मजकूर झाकला जातो, पण जोडणी होताना साइटचं नाव बहुतेक वेळा उघडंच जातं आणि इंटरनेट देणारी कंपनी ते वाचते. प्रायव्हेट डीएनएस (साइटचा पत्ता गुपचूप विचारायची सोय) टाकला तरीही.

जाहिरातवाल्यांपुरता बंदोबस्त करता येतो, तो तरी करा. अँड्रॉइडवर फायरफॉक्स घ्या, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाका, ट्रॅकिंग संरक्षण 'कडक'वर ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये गूगल, मग जाहिराती, तिथे जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातवाल्यांसाठीचा फोनचा ओळख क्रमांक, डिलीट करा. तो तसाच राहिला तर ॲपांना कुकीची गरजच पडत नाही. क्रोमच वापरायचं असेल तर थर्ड-पार्टी कुकी, म्हणजे उघडलेल्या साइटऐवजी दुसऱ्याच कंपनीने ठेवलेल्या, स्वतः बंद करा. गूगलने 2020 मध्ये दोन वर्षांत त्या काढतो म्हणून सांगितलं, तारखा ढकलत नेल्या आणि 2024 मध्ये बेत गुंडाळला.

पण सरकारपुढे यातलं काही चालत नाही, आणि लोक नेमकी इथेच गल्लत करतात. आयटी कायद्याचं कलम 69 आहे. 20 डिसेंबर 2018 च्या आदेशाने 10 यंत्रणांना त्याखाली कुठल्याही संगणकातली माहिती अडवायचे, उलगडायचे अधिकार मिळाले. डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये आला खरा, पण कलम 17 खाली केंद्र स्वतःच्याच यंत्रणांना त्यातून वगळू शकतं. काय तो कायदा!

आणि ते फुकटचे व्हीपीएन, म्हणजे तुमची वाट आपल्या सर्व्हरमधून नेणारी ॲपं! जे आधी इंटरनेट कंपनीला दिसायचं, ते आता व्हीपीएनवाल्याला दिसतं, एवढाच फरक. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, दिलेले आयपी असं सगळं 5 वर्षं सांभाळावं लागतं. काहींनी तेव्हा भारतातले सर्व्हर हलवले. उरलेल्यांच्या 'नो लॉग'च्या, म्हणजे नोंदच ठेवत नाही म्हणणाऱ्या, जाहिराती कुठल्या भरवशावर मानायच्या?

टॉर हा ओळख लपवणारा ब्राउझर त्यातल्या त्यात बरा. तीन टप्प्यांतून वाट जाते, त्यामुळे तुम्ही कोण आणि कुठे गेलात हे एकाच टप्प्याला कळत नाही. इंटरनेट कंपनीला मात्र 'हा टॉर वापरतोय' एवढं दिसतंच. खिडकी ताणून मोठी करू नका, वरून एक्स्टेंशन टाकू नका. तुमचा ब्राउझर चारचौघांहून वेगळा दिसला की कुकीशिवायही ओळख पटते. एवढं करून लोक त्यातच जीमेल उघडतात, ओटीपीसाठी केवायसी केलेल्या सिमचा नंबर देतात. मे महिन्यातल्या भुसावळात बांधतात तसा रुमाल तोंडाला गुंडाळायचा आणि गळ्यात आधार कार्ड अडकवायचं! वर पुन्हा विचारणार, "टॉर लावला होता, तरी कसं कळलं?"