कट्ट्यातून चार गोळ्या, जमिनीवर चार पुंगळ्या?

"गावठी कट्ट्यातून धडाधड चार गोळ्या झाडल्या, घटनास्थळी चार पुंगळ्या सापडल्या." जळगाव-धुळ्याकडच्या पोर्टलवर या छापाची बातमी आली की पहिली शंका हत्याराचीच घ्यावी. कट्ट्यात एका वेळी एकच काडतूस बसतं. गोळी सुटली तरी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, नळीतच राहते, ती काढल्याशिवाय दुसरं भरता येत नाही. रिव्हॉल्वरच्या पुंगळ्याही चक्रीतच राहतात. आपोआप बाहेर पडतात त्या मॅगझीनवाल्या पिस्तुलाच्या. म्हणजे कट्टा तरी चुकला, नाहीतर पुंगळ्या तरी. पण प्रेसनोट जशीच्या तशी चिकटवायची म्हटल्यावर विचारतो कोण?

धारदार हत्यारांचं तर विचारूच नका. "सपासप वार" हे शब्द जणू टाइप करूनच ठेवलेले. सुरा खुपसला तर जखम तोंडाशी लहान आणि आत खोल असते. कोयत्याच्या वाराने लांब, रुंद जखम होते, हाडही तुटतं. कुऱ्हाड उलटी मारली तर कातडी फाटते, कडा ठेचलेल्या दिसतात. तिथे "धारदार शस्त्राने" लिहिणं चूकच. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात कोयता, विळा घराघरात असतो. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं २०१६ च्या शस्त्र नियमांच्या यादीत आहेत, पण घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे शेतातल्या भांडणात विळा निघाला की लगेच "कोयता गँग" लिहू नये. ते पुण्याचं लेबल इथे कशाला?

आता तो टेबलावरचा फोटो. कट्टा, "जिवंत काडतुसे" ओळीत मांडलेली, मागे अधिकारी उभे. खरी पद्धत अशी: दोन पंचांसमोर जप्ती, तिथेच कागदात गुंडाळून लाखेचं सील, लेबलवर पंचांच्या सह्या, मग मुद्देमाल रजिस्टरला नोंद. रक्ताचं हत्यार आधी वाळवायचं आणि कागदातच बांधायचं. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते, रक्त कुजतं आणि तपासणीला काही उरत नाही. पंचनाम्यात सील रात्री केल्याचं लिहिलंय आणि सकाळच्या फोटोत तेच हत्यार उघडं, तर बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार: सील फोडलं कधी, कोणी, कोणासमोर? फोटोच्या हौसेपायी चांगली केस लंगडी पडते. बातमीदाराने फोटो मागण्याआधी सीलचं विचारावं.

चोपडा-शिरपूरकडे कट्टा पकडला की सीमेपलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या उमर्टीचं नाव येणारच, कट्ट्यांसाठी बदनाम गाव ते. माल तिथून आल्याचं तपासात निघालं तर जरूर लिहा. पण मथळ्यात हत्यारं घडवण्याचा परंपरागत धंदा असलेला सगळा शिकलगर समाज ओढायचं कारण काय? गुन्हा आरोपीवर दाखल असतो, जातीवर नाही.

आणि पाठपुरावा? बिनपरवाना कट्ट्याच्या खटल्याला शस्त्र कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची आधी मंजुरी लागते. हत्यार गोळी झाडू शकतं, असा तपासणी अहवालही लागतो. यातलं एक राहिलं तरी शस्त्र कायद्याचं कलम कोर्टात टिकणं अवघड. पकडल्याची बातमी चार कॉलम, निर्दोष सुटल्याची एक ओळही नाही. पोर्टलवाल्यांनी जुन्या बातमीच्या लिंकखाली निकाल जोडला तरी पुरे, त्याला कागदही लागत नाही.