‘डावीकडे ३ लावत जा, मूळ संख्याच मिळेल’ हे खरं नाही

३१, ३३१, ३३३१, ३३३३१… असा आकड्यांचा मनोरा असलेला मेसेज ग्रुपांवर पुन्हा पुन्हा फिरतो. दावा असा की डावीकडे कितीही ३ लावा, संख्या मूळच (म्हणजे १ आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणारी) राहते, कारण शेवटी १ आहे आणि अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जात नाही. शिवाय ७३९३९१३३ ही संख्याही अशीच ‘वाढवत नेता येते’ म्हणे. स्पर्धा परीक्षेची मुलं असलं काही पाठ करून बसतात, म्हणून हे लिहितो आहे.

पहिल्या सात संख्या, म्हणजे ३३३३३३३१ पर्यंतच्या, खरोखर मूळ आहेत. आठवी ३३३३३३३३१ मात्र १७ × १९६०७८४३ आहे. गुणून बघा.

यावर ‘तो एक अपवाद’ असं उत्तर येतं. तेही टिकत नाही. १० च्या १५व्या घाताला ३१ ने भागलं की बाकी १ उरते. त्यामुळे ओळीने पंधरा ९, आणि म्हणून पंधरा ३, लिहून होणाऱ्या संख्येला ३१ ने निःशेष भाग जातो. तिच्या उजवीकडे ३१ लिहा. सोळा ३ आणि शेवटी १ अशी याच मनोऱ्यातली संख्या तयार झाली, आणि तिलाही ३१ ने भाग जातो! आणखी पंधरा ३ लावा, पुन्हा तेच. म्हणजे मनोरा अगणित ठिकाणी तुटतो, आणि तोही त्याच्या पहिल्याच संख्येमुळे. मला तर मूळ दाव्यापेक्षा हेच जास्त सुंदर वाटतं.

आता ते ‘कारण’. शेवटचा अंक पाहून २ आणि ५ बाद होतात, बेरजेने ३. बस्स. ४९, ७७, ९१, १३३ या चारही या कसोटीला उतरतात, पण चौघींनाही ७ ने भाग जातो. ३३१ मूळ आहे हे ठरवायला ७, ११, १३, १७ नेही भागून पाहावं लागतं. बाकी अनुक्रमे २, १, ६, ८ उरते. त्यापुढे जायची गरज नाही, कारण १९ चा वर्गच ३६१ होतो.

७३९३९१३३ बद्दलचं अर्धं खरं आहे. उजवीकडून एकेक अंक खोडत गेलं तर ७३९३९१३, ७३९३९१ पासून थेट ७ पर्यंत प्रत्येक संख्या मूळ निघते. पण उजवीकडे आणखी एक अंक जोडून वाढवायला गेलात तर अडता. सम अंक किंवा ५ जोडून उपयोग नाही. १ किंवा ७ जोडला तर अंकांची बेरीज ३९ किंवा ४५ होते, म्हणजे ३ ने भाग गेला. ३ आणि ९ जोडूनही मूळ संख्या मिळत नाही. उजवीकडून असं खोडत गेलं तरी मूळच राहणाऱ्या संख्या एकूण ८३ आहेत आणि ७३९३९१३३ ही त्यांतली सर्वांत मोठी.